आरशासारखी नळी

देवघराच्या लहान खिडकीला आमच्या सूनबाईंनी पडदा लावला आहे, तो एका लोखंडी गजावर. माळ्यावरची अडगळ काढताना तो गज त्यांना सापडला. खिडकीच्या चौकटीत नेमका बसला, म्हणून त्यांनी तो तिथेच अडकवून टाकला. त्याच्या एका टोकाला चिंधी ओवण्यासाठी चीर पाडलेली आहे. ती कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत पडदा उतरतो, गज पुसला जातो, आणि तेवढा वेळ मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जाऊन बसतो.

यंदा मात्र नातवाने गाठले. गज हातात घेऊन त्याने विचारले, "आजोबा, याला चीर का आहे?" मी म्हटले, "बंदुकीचा गज आहे तो. नळी पुसायचा." मग काय विचारता! बंदूक कोणाची, आता कुठे आहे, वाघ मारला होता का? वाघ नव्हे, उसातली डुकरे, हे ऐकून त्याचा थोडा विरस झाला. तरी मी त्याला बरेच काही सांगितले. जे सांगितले नाही, ते इथे लिहितो.

माझे पोट आयुष्यभर झिजेवर भरले. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात मी पस्तीस वर्षे काढली. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके नीरेच्या डाव्या कालव्याने एका दोरीत ओवले आहेत. कालव्याच्या काठाने निघालात की माळेगाव, भवानीनगर, वालचंदनगर अशी एकामागून एक धुराडी लागतात. माझ्या काळी हंगामात ती धूर ओकत आणि पावसाळ्यात गप्प उभी राहत. बाहेरच्या माणसाला वाटते, कारखाना बंद म्हणजे सगळे झोपलेले. पण आमचे खरे काम तेव्हाच सुरू होई. ऊस पिळणाऱ्या चरकांचे रोलर खोलायचे, त्यांचे झिजलेले दाते पुन्हा पाडायचे, बेअरिंगे पाहायची, कोणता दंड किती थाऊ खाल्ला हे मापायचे. इंचाच्या हजाराव्या भागाला आमच्यात 'थाऊ' म्हणतात. बोटाला न जाणवणारी दोन थाऊंची झीज कारखान्याचे किती नुकसान करते, हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षे सांगत आलो. आणि माझ्याच घरात, माझ्याच हाताने झालेली झीज मला कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. बारामतीच्या बाहेर, माळेगावच्या अंगाला आमची कालव्याखालची सहा एकर जमीन होती आणि तीत बहुतेक ऊसच असे. ज्यांनी उसाचा फड आतून पाहिला नाही त्यांना सांगतो, पुरुषभर उंचीचा तो फड म्हणजे रानडुकरांची धर्मशाळा. खायला आत, लपायला आत, विण्यालाही आतच. एका रात्रीत अर्धा एकर लोळवला जाई. त्यासाठी आजोबांच्या वेळेपासून घरात परवाना आणि एक रायफल होती. रायफल अमेरिकेत बनलेली, विंचेस्टर कंपनीच्या 1892 च्या नमुन्याची. चापाखाली लोखंडी कडी. ती खाली ओढून वर घेतली की रिकामी पुंगळी टुणकन उडून पडे आणि नवे काडतूस आत बसे. अक्रोडाचा दस्ता हाताच्या घामाने काळाभोर झालेला. आजोबांनी ती पुण्यात जुनीच विकत घेतली होती. म्हणजे आमच्याकडे येण्यापूर्वीच तिने एक जन्म भोगला होता.

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री आटे पाडलेले असतात. आमच्या विंचेस्टरला सहा होते, आणि 36 इंचांत त्यांचा एक फेरा पुरा होई. गोळी या आट्यांना घट्ट धरून पुढे जाते, म्हणून बाहेर पडताना ती स्वतःभोवती गरगर फिरत असते. तुम्ही लहानपणी भोवरा फिरवला असेलच. फिरता भोवरा आरीवर ताठ उभा राहतो. गिरकी सरली की आडवा होतो. गोळीचेही नेमके तसेच. फिरकी पुरी मिळाली तर नाक पुढे करून सरळ जाते; आट्यांची पकड सुटली तर हवेत गडबडते, कोलांट्या खाते, आणि जाईल तिकडे जाते. म्हणून नेमबाजाचा सगळा लौकिक त्या सहा खाचांच्या कडांवर उभा असतो. त्या कडांची उंची किती म्हणाल, तर चार थाऊ! चांगल्या जाड कागदाएवढीसुद्धा नाही.

आजोबांच्या वेळी विलायती काडतुसांचे डबे मिळत. पुढे ते महाग झाले, आणि 1957 च्या सुमारास परकीय चलनाची तंगी आली तेव्हा दिसेनासेच झाले. रायफलीबरोबर आजोबांनी एक चिमटा आणि एक पितळी मुठीचा साचा घेतला होता. दादांनी तो माळ्यावरून काढला आणि घरीच गोळ्या ओतायला सुरुवात केली. परवान्यावर दारू आणि टोप्या मोजून मिळत. प्रश्न शिशाचा होता. तो बारामतीच्या एका छापखान्याने सोडवला. छापखान्याचे मालक दादांचे शाळासोबती. त्यांच्याकडे झिजलेले, मोडलेले खिळे पिंपात पडून असत. दादा गुळाची ढेप देत आणि खिळ्यांची पिशवी आणत.

आता छापखान्यातून खिळेच हद्दपार झाले आहेत, तेव्हा तरुण वाचकांना सांगायला हवे की खिळा म्हणजे भिंतीत ठोकायचा नव्हे, छपाईचा. एकेका अक्षराचा एकेक. त्याची धातू नुसते शिसे नसते. शिसे मऊ, त्याचे अक्षर चार फर्म्यांत चपटे होईल. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. या मिश्रणाचा गुण असा की ते थंड होताना फारसे आकसत नाही, साच्याचा कोपरान् कोपरा भरते. म्हणून तर रफाराची शेंडी आणि उकाराची शेपटी स्पष्ट उठत असे. मी अंगणात बसून पिशवीतली अक्षरे निवडायचो. मोडकी वेलांटी, डोके उडालेला 'ख', जोडाक्षरांचे तुकडे. बारामती मोरोपंतांची. न जाणो, यांतल्या काही खिळ्यांनी कधीकाळी पंतांच्या आर्याही छापल्या असतील, आणि आता त्यांच्या गोळ्या होऊन त्या डुकरांच्या मागे लागणार होत्या. दादांना हा विनोद सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग डुकराला मोक्षच मिळायचा."

ओतण्याचे काम खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात चाले. अंगणात तीन विटांची चूल, तिच्यावर एक वेगळी ठेवलेली लोखंडी कढई. आईचा या कामावर राग. ती कढई घरातल्या भांड्यांच्या आसपाससुद्धा येऊ द्यायची नाही, आणि हात राखेने दोनदा धुतल्याशिवाय दादांना स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू द्यायची नाही. शिसे पोटात गेले तर काय होते हे तिला कोणी शिकवले होते कोण जाणे, पण तिचे बरोबर होते. पहिल्या पाचसहा गोळ्या सुरकुतलेल्या निघत, कारण साचा थंड असे. त्या पुन्हा कढईत. मग साचा तापला की एकेक गोळी रुप्यासारखी लखलखीत बाहेर पडे. वजन 13 ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून किंचित जास्त. गोळीच्या अंगावर दोन खाचा असत, त्यांत मेण आणि मेंढीची चरबी एकत्र वितळवून भरायची. ही चरबी शेजारच्या धनगरवाड्यातून येई. अशाच चरबीवरून 1857 साली देशात वणवा पेटला होता, हे मी शाळेत शिकलो तेव्हा मला आमच्या अंगणाचा एकदम अभिमान वाटला होता. का, ते आता सांगता येणार नाही.

खंडेनवमीला रायफलीची पूजा होई आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाच्या आधी दादा बांधावर फळी उभी करून तीवर चुन्याचा ठिपका काढत. पन्नास पावलांवरून तीन बार. वस्तीतली सगळी माणसे बघायला जमत. तीनही गोळ्या एका पेल्याच्या तोंडाखाली झाकता येतील इतक्या जवळ पडत. लोक म्हणत, "दादांचा हात म्हणजे हात!" दादा काही बोलत नसत, पण त्या दिवशी आपट्याची पाने वाटताना त्यांची चाल वेगळी असे.

माझे काम नळी साफ ठेवण्याचे. सातव्या वर्षी ते माझ्याकडे आले. त्या जातीच्या रायफलीची नळी मागच्या बाजूने साफ करता येत नाही. मागे सगळे यंत्र असते. म्हणून दस्ता जमिनीवर टेकवायचा, नळीचे तोंड हनुवटीजवळ धरायचे, आणि चिंधी ओवलेला गज तोंडातून आत घालायचा. दादांनी दाखवले तेवढेच: गोड्या तेलाचा बोळा दोनदा, कोरडा बोळा दोनदा. पण पावसाळ्यात काय होई, कोरडी चिंधी बाहेर काढावी तो तांबूस. कितीही तेल लावा, चार दिवसांनी पुन्हा तांबूस. मला त्याची लाज वाटे. काम माझे, आणि गंज माझ्या कामाला चढतो!

शेजघरातला तांब्याचा बंब आई विटकरीच्या पुडीने घासत असे. दिवाळीच्या पहाटे त्यात तोंड दिसे. एके दिवशी मी चिमूटभर विटकर कुटली, वस्त्रगाळ केली, तेलात कालवली आणि चिंधीला लावून नळीत चालवली. पाच मिनिटे चालवली. मग कोरड्या चिंध्यांनी पुसून काढली. संध्याकाळी दादांनी नळी उजेडाकडे धरून तिच्यातून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आरशासारखी केलीस रे!"

आमच्या दादांच्या तोंडून कौतुक निघणे दुर्मिळ. त्या एका वाक्यासाठी मी पुढली सहासात वर्षे, आठवड्यातून दोनदा, विटकर कुटत राहिलो. त्यांना सांगितले नाही. युक्ती माझी, आणि ती माझ्यापाशीच राहावी असे मला वाटे. चिंधी तांबडी निघाली तर ती गंजाने की विटकरीने, हे पुढे पुढे मलाच कळेनासे झाले होते.

दादांचा हात जाऊ लागला तो 1959 च्या दसऱ्याला. पेल्याखाली मावणारी तीन भोके ताटाखाली मावेनात. पुढच्या वर्षी एक गोळी फळीलाच लागली नाही. आणि जी लागली तिचे भोक गोल नव्हते, लांबट होते, किल्लीच्या भोकासारखे. मी बोट घालून पाहिले होते, म्हणून पक्के आठवते. गोळी आडवी होऊन फळीत शिरली होती. भोवरा कलंडला होता. पण हे वाचायला तेव्हा तिथे कोणी नव्हते. लोकांनी फळीकडे पाहिलेच नाही, त्यांनी दादांकडे पाहिले. दादांनी पुण्याला जाऊन डोळे तपासून घेतले. डोळ्यांत काही दोष निघाला नाही. म्हणजे मग हातच. त्यांनी चहा सोडला, तंबाखू सोडली, सकाळी उठून जोर काढू लागले. हात पुढे धरून बोटांकडे टक लावून पाहत बसलेले मी त्यांना अनेकदा पाहिले आहे. बोटे मुळीच हलत नसत.

पानशेत फुटले त्या वर्षीची, म्हणजे 1961 ची, हिवाळ्यातली गोष्ट. माझे आजोळ इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी, पळसदेवच्या बाजूला. मामांच्या शाळवात एक एकल डुक्कर रोज येत होते. मामांचा निरोप आला आणि दादा रायफल घेऊन निघाले; नाताळची सुट्टी होती, म्हणून मीही. दादांच्या मनात जायचे नव्हते हे मला आता कळते. पण मेहुण्याला नाही कसे म्हणणार? आणि बायकोच्या माहेरी हात गेला म्हणून कसे सांगणार?

सांजेला मामांचा सालगडी डबा बडवत शाळवात शिरला. डुक्कर बांधावर आले ते दादांपासून चाळीस पावलांवर, आडवे. मी दादांच्या मागे होतो. याहून सोपी नेम धरण्याची जागा असू शकत नाही. बार झाला. गोळी लागायची होती खांद्यामागे, ती लागली मागच्या मांडीत. डुक्कर वळले आणि आले त्याच वाटेने पिकात घुसले. पुढे सालगडी होता. त्याची किंकाळी मी अजून ऐकतो, एवढेच लिहितो. मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. बैलगाडीतून रस्त्यावर, तिथून मालमोटारीने इंदापूर. माणूस वाचला, पण पाय आखडला तो कायमचा.

दादांनी पुन्हा रायफल उचलली नाही. ते तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. "माझा हात गेला," एवढेच म्हणत. आणि जे माणूस मनात धरून बसते ते हळूहळू अंगात उतरते की काय, पुढे ते चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरू लागले. 1962 च्या ऑक्टोबरात नवा शस्त्रकायदा अमलात आला, परवाने नवे झाले. दादांनी आमचाही करून घेतला, पूजेपुरता. घरी परत आल्यावर त्यांनी आणखी एक केले. माझ्या हातातला गज घेतला आणि माळ्यावर टाकून दिला. का, हे त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

दर दिवाळीला एक पोते बाजरी आणि एक धोतरजोडी पळसदेवला जाऊ लागली.

माझ्या डोळ्यांवरचे झापड निघायला तीन संधी आल्या होत्या. पहिली कॉलेजात. चीनच्या युद्धानंतर एनसीसी सक्तीची झाली होती, आणि आम्हाला थ्री-नॉट-थ्री रायफली हाताळायला मिळत. चांदमारी झाली की आमचे उस्ताद नरसाळे लावून नळीत उकळते पाणी ओतायला लावत. तेल नव्हे, आधी पाणी. कारण टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचे जळून एक मीठ होते. ते नळीत बसते, हवेतली ओल ओढते आणि पोलाद खाते. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. माझी तांबडी चिंधी कुठून येत होती याचे उत्तर इतके सोपे होते! घरात बंबभर गरम पाणी असताना मी विटकर कुटत बसलो होतो. दुसरी गोष्ट उस्ताद सांगत ती अशी की नळी साफ करायची दोरी तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. नुसत्या सुताच्या दोरीने, तिला धूळ लागलेली असली तर, नळीचे तोंड एका बाजूने झिजते. मी मान डोलावली आणि विसरलो.

दुसरी संधी वाचनातली. वर्कशॉपात असताना झीज या विषयावर मिळेल ते वाचायचा मला नाद लागला. त्यात इंग्रजांच्या ली-मेटफर्ड रायफलीची हकीकत वाचली. 1888 सालच्या त्या रायफलीचे आटे मुद्दाम उथळ आणि गोलाईचे ठेवले होते, काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून. मग कॉर्डाइट नावाची नवी दारू आली. तिच्यात निम्म्याहून जास्त नायट्रोग्लिसरीन. तिच्या उष्णतेने ते उथळ आटे भराभर वितळू लागले. 1895 साली चौकोनी कडांचे पाच आटे पाडावे लागले, आणि पुढे कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीनही कमी करावे लागले. म्हणजे पोलादाला खाते ती उष्णता. काळ्या दारूमागची शिशाची गोळी पोलादाला फारसे काही करू शकत नाही. 2024 च्या ऑगस्टात पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने 50 मीटरच्या रायफलीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा नातू आणि मी दूरचित्रवाणीसमोर खिळून बसलो होतो. त्या लहान तोंडाच्या रायफलीतही शिशाचीच गोळी असते, आणि हजारोंनी बार झाले तरी नळी नेम सोडत नाही. मग आमची नळी शिशाने झिजणे शक्यच नव्हते. हे मला कागदावर ठाऊक होते. घराशी मी ते जोडले नाही.

तिसरी संधी तर रोज हातात होती. वर्कशॉपात व्हॉल्व्ह बैठकीत बसवताना आम्ही तेलात बारीक चूर्ण कालवून दोन तोंडे एकमेकांवर घासतो. त्याला लॅपिंग म्हणतात. लोखंड झिजवण्याची याहून नेमकी रीत माणसाला सापडलेली नाही. तेल आणि वस्त्रगाळ चूर्ण! हे काम मी शेकडो वेळा केले, दुसऱ्यांना शिकवले.

दादा 1987 साली गेले. परवाना त्यांच्या नावाचा, तेव्हा रायफल घरी ठेवता येईना. काय करायचे ते ठरवण्याआधी तिची किंमत तरी कळावी म्हणून, सगळी कागदपत्रे करून, पुढच्या वर्षी मी ती पुण्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. बरोबर दादांच्या ओतलेल्या पाचसहा गोळ्या होत्या, डबीत राहिलेल्या. मिस्त्रींनी काहीच विचारले नाही. एक गोळी उचलली आणि नळीच्या तोंडावर ठेवली. चांगल्या नळीत गोळीचे फक्त नाक शिरते आणि ती अडकून उभी राहते. आमची गोळी सुळकन आत गेली.

मग त्यांनी रायफल खोलली. मऊ शिशाची एक गाठ घेऊन मागच्या बाजूने नळीत ठोकली आणि गजाने पुढे ढकलू लागले. मी म्हटले, मला द्या. हाताला आयुष्यभराची सवय. सुरुवातीला गाठ घट्ट चालली, अंगठ्याला आटे कळत होते. मध्येमध्ये खरखर, गंजाने पडलेल्या खड्ड्यांची. आणि तोंडाच्या शेवटच्या दोन इंचांत पकड एकदम सुटली. गाठ आपसूक सरकत टेबलावर पडली. मागच्या अंगाला थांबवून काढलेल्या गाठीचे माप 429 थाऊ निघाले. दादांची गोळी 427. म्हणजे नळी चांगली असती तरी गोळी दोन थाऊ बारीकच होती; ती खरे तर एखादा थाऊ जाड हवी. आणि तोंडाशी तर आटे उरलेच नव्हते, नुसती त्यांची आठवण होती.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, ही उडवून झिजलेली नाही, घासून झिजली आहे. आणि घासणारा उंचीनं लहान असणार. एकाच अंगाला जास्त खाल्लंय. गज स्वतःकडे ओढून धरत असेल."

मी काही बोललो नाही. त्यांनी डबीतली दुसरी गोळी घेऊन नखाने खरडून पाहिली. नखाचा ओरखडा उठला नाही. "ही कशाची?" मी म्हटले, छापखान्याच्या खिळ्यांची. त्यांनी मान हलवली. या जुन्या रायफलींना मऊ गोळी लागते, ते म्हणाले. काळ्या दारूचा धक्का बसला की मऊ शिसे मागून फुगते आणि झिजलेल्या नळीतही आटे भरून काढते. खिळ्यांची धातू कडक, ती फुगत नाही. बाजूने जळता वायू निसटतो, गोळीची कड वितळवतो आणि नळीला शिशाचा लेप देतो. नुसते साधे शिसे, त्यात चवीपुरते कथील, एवढे घातले असते तर ही रायफल आणखी काही वर्षे नेमाने चालली असती.

गाडीत बसून मी हिशेब मांडत होतो. किती हिस्सा विटकरीचा, किती खिळ्यांचा, किती मिठाचा? दोन थाऊ दादांचे, आठ माझे? झिजेचा असा हिशेब मी कारखान्यात चुटकीसरशी करीत असे. इथे तो जमेना. एक मात्र स्वच्छ होते. दादांचा हात गेला नव्हता. सव्वीस वर्षे ते चांगला हात घेऊन, गेला म्हणून, जगले. आणि हे सांगायला एक वर्ष उशीर झाला होता.

त्या दिवाळीला पोते घेऊन मी स्वतः पळसदेवला गेलो. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉलीत जागा दिली. मामांचे ते शेत, तो बांध आता नाही. उजनी धरण 1980 साली पुरे झाले आणि भीमेचा काठ पाण्याखाली गेला. जुने पळसनाथाचे देऊळसुद्धा पाण्यात आहे, दुष्काळाच्या उन्हाळ्यात तेवढे वर येते. सालगडी नव्या गावठाणात मुलाकडे राहत होता. ओसरीवर आखडलेला पाय लांब करून बसला होता. मी त्याला तात्या म्हणत असे. त्याच्यापुढे बसून मी सगळे सांगितले. विटकर, तेल, गज, लांबट भोक, पुण्याचे मिस्त्री. बोलताना माझा आवाज फारसा बरा नव्हता.

तात्याने ऐकून घेतले. मांडीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "भाचं, नळीचं तुमी म्हंता ते मला काय उमगत न्हाई. पर त्या दिशी दिस बुडाला हुता. दाजी म्हनले हुते, आता नीट दिसत न्हाई, उद्या बगू. म्याच म्हनलं, दाजी, रोज शाळू लोळवतंय, आज सोडू नगा. म्हून त्यांनी बार टाकला."

हे मला नवे होते. मी त्यांच्या मागेच उभा होतो, पण हे बोलणे शाळवात शिरण्यापूर्वी झाले असावे.

"तात्या, हे दादांना तुम्ही कधी बोलला होता?"

"येक डाव बोललो. तर म्हनले, गप बस, पोतं उतरून घे."

घरातून त्याच्या सुनेने फराळाचे ताट आणून ठेवले. आम्ही दोघांनी एकेक करंजी उचलली. तात्याने विचारले, औंदा बाजरी कशी झाली? मी म्हटले, बरी आहे. कारखाना कधी पेटला, भाव काय निघेल, यावर तो बोलत राहिला आणि मी हो हो म्हणत राहिलो. रस्त्यावर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवू लागला, तेव्हा दोघांच्याही ध्यानात आले की पोते अजून ट्रॉलीतच आहे.